तांब्याचं घंगाळ आणि चार नंबरचे शिंपले

बायजाबाई परतेकीचं आणि चपलेचं कधी जमलं नाही. मुलगा नागेश हिंगणघाटहून दोनदा तिच्यासाठी नवी चप्पल घेऊन आला, आणि दोन्ही वेळा ती सून स्वीटीच्या पायांत गेली. बायजाबाईचं म्हणणं सरळ होतं. शिंपले हाताने वेचायचे नसतात, पायाने वेचायचे असतात. तलावाच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा काही उपयोग नाही. तळवे चिखलात हळूहळू सरकवायचे, काही टणक लागलं की अंगठ्याने चाचपून ठरवायचं, दगड की खापर की शिंपला, आणि मगच वाकायचं. चपलेने तळवे मऊ पडतात, आणि मऊ तळव्याला काही कळत नाही. साठी उलटली तरी तिचा अंगठा चुकत नव्हता. शिंपला जिवंत आहे की नुसतं रिकामं कवच, हेही तिला वाकण्याआधी माहीत असे. मात्र वैशाखात ती डांबरी रस्त्यावरून अनवाणी निघाली की बघणाऱ्याच्याच पायाला चटके बसत.

खैरटोला हे समुद्रपूर तालुक्यातलं पन्नासेक घरांचं गाव. निम्मी घरं गोंडांची, निम्मी मासेमारी करणाऱ्या ढिवरांची, आणि दोघांच्या मध्ये तलाव. गिरडच्या दर्ग्यावरचा झेंडा आमच्या तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, दिसतो, असं गावातला प्रत्येक जण पाहुण्याला सांगतो. पाहुण्याला तो दिसत नाही, पण पुढ्यात चहाचा कप असताना नाही कोण म्हणणार! तलावात गावाची मच्छीमार सोसायटी मासे सोडते आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की एकदाच मोठी मासेमारी होते. वर्षाची भिस्त तिच्यावर. शिंपले मात्र सोसायटीचे नव्हेत, ते ज्याच्या पायाला लागतील त्याचे. भाज्या मिळेनाशा होतात त्या दिवसांत शिंपल्यांचा झणझणीत रस्सा गावाला तारून नेतो. काही घरं शिंपल्याचं नाव काढलं की नाक मुरडतात. त्याच घरांतली वाटी संध्याकाळी बायजाबाईच्या मागच्या दाराशी येते, हेही गावाला ठाऊक आहे.

तलावातून काही काढलं आणि मनात शंका आली, तर गावातली कुठलीही बाई बायजाबाईकडेच यायची. "बायजाबाई, हे खाऊ का वो?" बायजाबाई वास घेई, उलटंसुलटं करून पाही, आणि हो किंवा नाही म्हणे. आजवर तिच्या हो म्हणण्याने कोणाचं पोट दुखलं नव्हतं. ती शाळेत गेली नव्हती, नावावर जमीन नव्हती. गावात तिचा मान होता तो एवढाच, आणि तो तिला फार प्रिय होता.

जानेवारीत वर्ध्याच्या एका कॉलेजातून मयुरी नावाची मुलगी आली. डॉक्टरेटसाठी संशोधन करत होती. काटकुळी, मोठा चष्मा, आणि पाठीवर तिच्याहून जड बॅग. पाळीवर उभी राहून तिने पहिला प्रश्न विचारला, "इथे शिंपले कोण काढतं?" लोकांना वाटलं होतं, सरकारी बाई आहे, योजनेबिजनेचं विचारील. सगळे हसले आणि त्यांनी बायजाबाईकडे बोट दाखवलं.

मयुरीने तिला समजावून सांगितलं. शिंपला कुठे जात नाही, यायचं नाही, जायचं नाही. एका जागी बसून दिवसभर पाणी आत ओढतो, त्यातलं खायचं ते खातो आणि पाणी बाहेर सोडतो. पाण्यात शिसं, तांबं, जस्त असलं तर ते त्याच्या मांसात साठत जातं. बाटलीत पाणी भरून तपासलं तर फक्त त्या दिवसाचं कळतं. शिंपला तपासला तर महिन्यांचं कळतं.

बायजाबाईने थोडा विचार केला. "मंजे शिपली जे खाते थे लपवत नाई."

"हो मावशी, अगदी तसंच."

"माणसाहून बरी मंग," बायजाबाई म्हणाली, आणि दोघींचं तिथेच जुळलं.

जंगलाच्या कडेला एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, होतं, जिथे माणसाचा फारसा वावर नाही. तिथून बायजाबाईने सारख्या आकाराचे ऐंशी शिंपले काढून दिले. मयुरीने भाजीच्या चार क्रेटना जाळी लावून पेट्या केल्या आणि प्रत्येकीत वीस शिंपले घालून त्या तलावात चार ठिकाणी बुडवल्या. एक नंबर नाल्याच्या तोंडाशी, दोन नंबर तलावाच्या मधात, तीन नंबर पाळीजवळ आणि चार नंबर करंजाखालच्या कोपऱ्यात. तिथे डोंगे, म्हणजे लहान होड्या, लागतात आणि जाळी दुरुस्त होतात. पेट्यांवर लक्ष ठेवायचं काम बायजाबाईकडे आलं. मयुरीच्या वहीत तिचं नाव "क्षेत्र सहायक" म्हणून लिहिलं गेलं. ते दोन शब्द स्वीटीने तिला वाचून दाखवले, मग परत वाचून दाखवले, आणि तिसऱ्यांदा सांगितल्यावर म्हणाली, "आत्याबाई, तुमाले आता पाठ झालं असन." तीन महिने बायजाबाईने पेट्यांवरचं शेवाळ काढलं, म्हशी हाकलल्या, आणि आठवड्याला शिंपले मोजले. मोजायची ती गोंडीत. मराठीत मोजलं तर चुकतं, असं ती म्हणे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निम्मे शिंपले काढायचे होते, प्रत्येक पेटीतून दहा. काढल्यावर एक रात्र ते स्वच्छ पाण्यात ठेवायचे, म्हणजे पोटातला चिखल ओकून टाकतात. त्यात बायजाबाईला नवीन काही नव्हतं, खायचे शिंपलेही ती तसेच ठेवायची. मयुरीने त्यासाठी चार पांढरे प्लास्टिकचे टब आणून दिले होते. पण नेमकी त्या दिवशी मयुरी तापाने फणफणली. तिचा फोन आला.

"मावशी, मी नाही येऊ शकत. दहा-दहा काढा, जाळीच्या पिशवीत नंबर लावून भरा आणि रात्रभर एकदम स्वच्छ भांड्यात, स्वच्छ पाण्यात ठेवा. सकाळी आमच्या कॉलेजातला सचिन गाडी घेऊन येईल."

बायजाबाईने शिंपले काढले, पिशव्या भरल्या, नंबर लावले. मग तिने टबांकडे पाहिलं. तीन महिने घरात टब रिकामे राहतील असं कुठलं घर? एकात स्वीटीने नातीचे कपडे साबणात भिजवले होते, एकात कोंबडी अंड्यांवर बसली होती, आणि उरलेल्या दोनांना प्लास्टिकचा वास येत होता. एकदम स्वच्छ भांड्यात, मयुरी म्हणाली होती. घरात एकदम स्वच्छ भांडं एकच होतं. लग्नात आलेलं तांब्याचं घंगाळ, जे पाहुण्याला आंघोळीचं पाणी द्यायलाच खाली उतरायचं. तांब्यातलं पाणी शुद्ध, हे तर शेंबडं पोरही सांगेल. बायजाबाईने ते उतरवलं, चिंच आणि राख लावून आरशासारखं लखलखीत घासलं, हापशीचं पाणी भरलं, वरून चिमूटभर तांदळाचं पीठ भुरभुरलं आणि चारही पिशव्या त्यात सोडल्या. कॉलेजात तपासायला निघालेले शिंपले ते. पोरीला बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर आई जसं नीटनेटकं करते तसं तिने केलं. सकाळी सचिन बर्फाच्या डब्यात पिशव्या ठेवून घेऊन गेला.

तीन आठवड्यांनी मयुरी परत आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. सरपंच कौशल्याबाईंनी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा बोलावली. सोसायटीचा अध्यक्ष गुलाब मेश्राम पहिल्या रांगेत बसला होता. मोठी मासेमारी वीस दिवसांवर होती आणि नागपूरच्या व्यापाऱ्याची गाडी ठरली होती.

"शिंपल्यांत तांबं फार आलंय," मयुरी म्हणाली. "चारही पेट्यांत. असायला हवं त्याच्या चौपट. म्हणजे अख्ख्या तलावात आहे. मला हे वर कळवावं लागेल. तोपर्यंत तलावातलं काही खाऊ नका, विकू नका."

हॉलमध्ये एकच गलका झाला. गुलाब उठून उभा राहिला. "थे रोडवाल्याचंच काम हाये! वरच्या अंगाले डांबराची भट्टी लावली तवापासूनच मी सांगून राह्यलो." दोघातिघांनी माना हलवल्या, कोणी म्हणालं उद्याच मोर्चा नेऊ, कोणी म्हणालं आजच. अख्ख्या गावाची वर्षाची भिस्त बुडायला निघाली होती, कोणावर तरी राग काढायला हवाच होता.

बायजाबाई बायकांच्या रांगेत बसली होती. तांबं म्हटल्याबरोबर तिच्या डोळ्यांपुढे ते लखलखीत घंगाळ आलं होतं. स्वीटी शेजारीच बसली होती. तिने सासूकडे पाहिलं आणि तिलाही उमगलं. तिने सासूच्या लुगड्याचा पदर घट्ट धरला.

"आत्याबाई, चूप बसा. कोणाले काय मालूम हाये?"

खरंच कोणाला माहीत नव्हतं. गप्प राहिलं असतं तर रोडवाला ठेकेदार जाणे आणि गाव जाणे. उठून बोललं तर सगळ्या गावासमोर शोभा. वहीतलं नाव जाणार, मयुरी पुन्हा तोंड पाहणार नाही, आणि ज्या गावाने आयुष्यभर हे खाऊ का म्हणून विचारलं ते गाव हसणार. बायजाबाईला हे सगळं कळत होतं आणि तिला फार लाज वाटत होती. पण तलाव खोटा ठरत होता. तिने तीन महिने राखलेल्या शिंपल्यांच्या तोंडून तिनेच खोटं वदवलं होतं. हे तिला सहन होईना. तिने स्वीटीच्या हातातून पदर सोडवला आणि उठली.

"मॅडम, थे तांबं तलावातलं नाई. मायं हाये."

कोणाला काही कळलं नाही. मग तिने सगळं सांगितलं. टब, साबणाचे कपडे, कोंबडी, घंगाळ.

"चिंचेनं घासलं होतं?" मयुरीने हळूच विचारलं.

"चांगलं. तोंड दिसन इतकं."

मयुरीला कळायचं ते कळलं. ताज्या घासलेल्या तांब्यात, चिंचेचा अंश राहिलेल्या पाण्यात, शिंपले रात्रभर पाणी ओढत बसले होते. दुसरं काय होणार? "मावशी, मी टब कशाला दिले होते?" ती जवळजवळ ओरडलीच, आणि तिचे डोळे भरून आले. तीन महिन्यांचं काम होतं ते. बायजाबाई खाली मान घालून उभी राहिली. तिला मारलं असतं तरी चाललं असतं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळा हॉल हसायला लागला. हसण्यात थट्टा कमी आणि सुटकेचा आनंद जास्त होता, पण बायजाबाईला ते सगळं सारखंच ऐकू आलं. "बायजाबाईनं शिपल्याईचा पाहुणचार केला ना बावा!" गुलाब म्हणाला. "आंघोई घातली, आता आहेर कराचा राह्यला." त्या दिवसापासून लोक तिला घंगाळबाई म्हणायला लागले. हापशीवर पाणी भरताना पोरी एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. महिनाभर तिच्याकडे हे खाऊ का म्हणून कोणी आलं नाही.

पण काम पूर्ण बुडालं नव्हतं. पेट्यांत अजून प्रत्येकी दहा शिंपले शिल्लक होते. या खेपेला मयुरी स्वतः आली, दोन दिवस बायजाबाईच्याच घरी राहिली, नवे टब घेऊन आली. पहिला दिवस ती कामापुरतंच बोलली. बायजाबाई टबांपासून चार हातांवर हात मागे बांधून बसली, न जाणो नुसत्या बघण्याने काही बिघडायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मयुरीला तिच्याकडे बघून हसू आलं.

"मावशी, हात सोडा आता. अटक नाही केली तुम्हाला."

"तुमचा काय भरवसा," बायजाबाई म्हणाली, आणि मग तीही हसली. निघताना मयुरीने तिला सांगितलं, "खरं सांगायचं तर, तुम्ही त्या दिवशी उठला नसता तर मी आयुष्यभर चुकीचंच छापून बसले असते." बायजाबाईला ते नीट पटलं नाही, पण बरं वाटलं.

दुसऱ्या सभेला हॉल पहिल्यापेक्षा जास्त भरला. मयुरीने कागद उघडला. चारही पेट्यांतलं तांबं अगदी ठीक होतं. तिने तलावातले मासेही तपासून घेतले होते, तेही ठीक होते. टाळ्या पडल्या. गुलाबने तर खिशातून मोबाइल काढून व्यापाऱ्याचा नंबर लावायला घेतला.

"थांबा," मयुरी म्हणाली. "एक गोष्ट राहिली. चार नंबरच्या पेटीत शिसं आहे. पुष्कळ आहे. बाकीच्या तिन्हींत नाही, फक्त करंजाखाली. पहिल्या वेळीही ते होतं. तांब्याच्या गडबडीत माझंही तिकडे लक्ष गेलं नाही. शिसं वाईट असतं. लहान मुलांच्या डोक्यावर परिणाम करतं. त्या कोपऱ्यातले शिंपले खायचे नाहीत आणि शिसं कुठून येतंय ते शोधायला हवं."

करंजाखालचे शिंपले सगळ्यांत मोठे. गावातल्या बायका पहिल्यांदा तिथेच उतरायच्या. गुलाब मोबाइल कानाला लावता लावता म्हणाला, "मॅडम, थेबी घंगाळातलंच असन!"

हॉल पुन्हा खो-खो हसला. कोणी म्हणालं, घंगाळबाईनं यंदा चिंचेत शिसं टाकलं. मयुरी दोनदा "ऐका, ऐका" म्हणाली, पण तिचा आवाज हसण्यात बुडून गेला. लोक उठायला लागले. झालं, तलाव चांगला आहे, बाकीचं त्या म्हातारीच्या भांड्यावर ढकलून मोकळे. बायजाबाई मयुरीकडे बघत होती. पोरीच्या हातात खरा कागद होता आणि कोणी तो ऐकून घेत नव्हतं, आणि ऐकून घेत नव्हतं ते बायजाबाईमुळे. लाजेची जागा रागाने घेतली. हा राग तिला आयुष्यात फार वेळा आलेला नव्हता, पण आला तेव्हा असा आला की तिला पायाखालची फरशी कळेना.

"बसा खाली!" ती ओरडली. "सगळे बसा!"

लोक बसले. बायजाबाईला कधी कोणी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"मायं घंगाळ तांब्याचं हाये. शिसाचं नाई. म्या जे केलं थे म्या माया तोंडानं सांगतलं, तुमी हासले, हासा. पण जे म्या केलं नाई थे मायावर टाकू नका." ती थांबली, तिने दम घेतला. "करंजाखाली शिसं कोण पातळ करते? तुमाले सगळ्याईले मालूम हाये. काऊन चूप हा?"

खरोखरच सगळ्यांना माहीत होतं. फेकजाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या लागतात, त्यांच्या वजनाने जाळं खाली बसतं. त्या गोळ्या करायचा बायजाबाईचा नवरा नत्थू. गेली तीस वर्षं, करंजाच्या सावलीत, तीन दगडांवर फुटकी कढई ठेवून, मोडक्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवून. आसपासच्या सहा गावांत नत्थूसारखी गोल गोळी कोणाला जमत नव्हती. वर आलेला मळ तो पळीने काढून पाण्यात फेकायचा, चर्रर्र आवाज व्हायचा आणि पोरंटोरं तो आवाज ऐकायला जमायची. सांडलेले थेंब, तुटलेल्या गोळ्या, सगळं त्याच कोपऱ्यात. हॉलमधल्या प्रत्येक पुरुषाच्या जाळ्याला नत्थूच्या गोळ्या होत्या. गुलाबच्या जाळ्याला सगळ्यांत जास्त.

नत्थू भिंतीला टेकून बसला होता. त्याने बायकोकडे असं पाहिलं, जणू ती अनोळखी आहे. चाळीस वर्षांच्या संसारात तिने चारचौघांत त्याचं नाव असं कधी पुढे केलं नव्हतं. बायजाबाईचा राग ओसरला होता आणि आता तिला एकच भीती होती, हा माणूस उठून निघून जाईल आणि पुन्हा बोलणार नाही.

नत्थू उठला. निघून मात्र गेला नाही. त्याने मयुरीला विचारलं, "मॅडम, लहान पोरगी थ्या गोया घेऊन खेयत असन त?"

"कोणती मुलगी?"

"मायी नात. चंचल. चार वर्साची हाये. म्याच देतो तिले खेयाले. कवा कवा तोंडातबी टाकते."

आता कोणी हसलं नाही. प्रत्येकाच्या घरी गोळ्या होत्या आणि बहुतेकांच्या घरी पोरं होती. गुलाबने मोबाइल खिशात ठेवला. स्वीटी रडायला लागली, आणि पहिल्या सभेत धरला होता तसाच आताही तिने सासूचाच पदर धरला.

"दवाखान्यात रक्त तपासता येतं," मयुरी म्हणाली. "मी घेऊन जाते. लवकर कळलंय, घाबरू नका."

चंचलच्या रक्तात शिसं निघालं. थोडं होतं, डॉक्टर म्हणाले गोळ्या दूर ठेवा आणि दूध-अंडी द्या, उतरेल. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा ते खरंच उतरलं होतं. मधल्या काळात गुलाबने डफडं वाजवून घरोघरच्या पोरांच्या हातातल्या गोळ्या गोळा केल्या. करंजाखालचा वरचा चिखल उकरून, डबे भरून, सिमेंटच्या टाकीत बंद करून ठेवला. तो पुढे कुठे न्यायचा ते कौशल्याबाई अजून तालुक्याच्या साहेबांना विचारून राहिल्या आहेत. आणि नत्थूने गोळ्यांसाठी नवीन उद्योग काढला. त्याच्या आजाच्या काळी जाळ्याला भाजलेल्या मातीच्या गोळ्या असायच्या, ते त्याला आठवलं. पहिली खेप कच्ची राहिली आणि पाण्यात विरघळली. नत्थू आठ दिवस सगळ्यांवर चिडून होता, बायकोवर जरा जास्त. दुसरी खेप जमली. आता तो म्हणतो की शिशापेक्षा ही माती बरी, हाताला भाजत नाही, आणि असं तो तीस वर्षं म्हणत आल्यासारखा म्हणतो. बायजाबाई ऐकून घेते.

मोठी मासेमारी झाली, आठवडाभर उशिरा. पाळीवर व्यापाऱ्याची गाडी उभी होती, पोरं पाण्यात, बायका चिखलात, सगळीकडे ओरडाआरडा. बायकांनी शिंपल्यांच्या टोपल्या भरभरून आणल्या होत्या. यंदा व्यापारी तेही घेणार होता. बायजाबाईला गुडघ्यांनी दगा दिला म्हणून ती पाळीवर नुसती बसली होती, आणि तिथे बसायला तिला मनापासून आवडत होतं.

गुलाब डोक्यावर टोपली घेऊन पाळ चढला. टोपली त्याच्या बायकोची, सुमित्राबाईची होती. गाडीकडे न जाता तो बायजाबाईसमोर थांबला, टोपली खाली ठेवली आणि उकिडवा बसला. व्यापारी मागून हाका मारत होता.

"बायजाबाई, पाहून घे वो. गाडीत टाकू का?"

बायजाबाईने शिंपले पाहिले. मोठे होते, फार मोठे. तिने एक हातात घेऊन उलटा केला, मग सुमित्राबाईकडे पाहिलं. सुमित्राबाईची नजर दुसरीकडे होती.

"करंजाखालच्या हायेत," बायजाबाई म्हणाली. "नाई."

गुलाबने टोपली उचलली, व्यापाऱ्याच्या डोळ्यांदेखत सिमेंटच्या टाकीकडे नेली, झाकण सरकवलं आणि सगळी आत उपडी केली. तोवर पाळीवर आणखी सात-आठ बाया टोपल्या घेऊन बायजाबाईपुढे रांगेत उभ्या राहिल्या होत्या. कोणी काही सांगितलं नव्हतं, त्या आपणहून उभ्या राहिल्या होत्या. पहिलीने टोपली खाली ठेवली.

"हे खाऊ का वो, बायजाबाई?"

बायजाबाईने विचारलं, "कुठून काढल्या?"

"मधातून."

"मंग टाक," बायजाबाई म्हणाली, आणि तिने पुढच्या टोपलीकडे हात केला.